दहा डिग्री आधी

आमच्या मंडळाच्या नाटकांत मी प्रॉम्प्टर असतो. हे पद मला गुणांवर मिळालेलं नाही. एकदा मला पोस्टमनची भूमिका दिली होती, दोन वाक्यांची. त्यातलं दुसरं वाक्य मी आधी म्हटलं आणि पहिलं म्हणायचं राहिलं ते राहिलंच. तेव्हापासून मी विंगेत असतो. विंगेतल्या माणसाचे हात रिकामे असतात असा एक समज आहे, त्यामुळे सेट वाहून नेण्याचं कामही हळूहळू माझ्याच गळ्यात पडलं. आणि सेट वाहायचा म्हणजे व्हॅन हवी.

ही 2003 ची गोष्ट. न्यू जर्सीत एका म्हाताऱ्याकडून मी 1989 सालची व्हॅन घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे काही झालं त्यात तिचा काही दोष नाही. पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. सहा मारुती 800 ची इंजिनं एकत्र बांधली तरी त्याची बरोबरी होणार नाही. हे इंजिन अर्धं पुढच्या बॉनेटखाली आणि अर्धं चक्क आत, ड्रायव्हर आणि शेजारच्या सीटच्या मधे, एका मोठ्या झाकणाखाली. तिकडे त्या झाकणाला ‘डॉगहाउस’ म्हणतात. बायकोनं पहिल्याच फेरीत त्याचा उपयोग शोधून काढला. पोळ्यांचा डबा त्यावर ठेवला की एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंत पोळ्या गरम राहतात. अमेरिकेतल्या कुठल्याही गाडीबद्दल तिनं काढलेला हा एकमेव चांगला उद्गार.

किल्ली देताना म्हातारा म्हणाला, “गाडी छान चालते. फक्त टायमिंगला हात लावू नकोस.”

मला वाटलं, म्हातारा काहीतरी लपवतोय.

व्हॅन खरोखरच छान चालत होती. सिग्नलला उभी असताना मधूनच जरा मिसिंग करायची, एखाद्या म्हाताऱ्या गवयाला तान घेताघेता खाकरावं लागतं तशी. शहाण्या माणसानं तिकडे दुर्लक्ष केलं असतं. पण मी कॉलेजात असताना बजाज चेतकचे पॉइंट स्वतः सेट करत असे. पॉइंटच्या फटीत पोस्टकार्ड घालायचं, ते अलगद सरकलं की झालं. चेतकला एक सिलिंडर होता, इथे आठ. म्हणजे आठ पोस्टकार्डं, एवढाच काय तो फरक, अशी माझी समजूत.

शनिवारी सकाळी मी नवे प्लग, नव्या तारा, डिस्ट्रिब्युटरची नवी कॅप आणि नवा रोटर घेऊन आलो. जुन्या आठही तारा एकदम उपटल्या. एकेक काढून एकेक लावत गेलो असतो तर जागा मोकळी, स्वच्छ दिसली नसती. ती दिसली, आणि मग कुठली तार कुठे होती हे सांगणारं काहीच उरलं नाही.

मॅन्युअल होतंच. आठ सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात तो क्रम त्यात छापलेला असतो. मी तो पाठ केला: एक, तीन, सात, दोन, सहा, पाच, चार, आठ. तारा लावल्या, किल्ली फिरवली. आधी काहीच झालं नाही, मग एअर क्लीनरमधून असा बार निघाला की समोरच्या मेपलवरची खार थेट पलीकडच्या गल्लीत गेली. दुसरा बार सायलेन्सरमधून. बायको खिडकीत आली आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली.

समोरचे आजोबा कॉफीचा मग घेऊन रस्ता ओलांडून आले. “काढताना तारांवर नंबर लिहिले होतेस का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “बहुतेक.” त्यांनी मॅन्युअल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि पान उलटलं. या व्हॅनमधे दोन तऱ्हेची आठ सिलिंडरची इंजिनं येत, 5 लिटरचं आणि 5.8 लिटरचं. मी पाठ केलेला क्रम 5.8 चा होता. आमच्या पाच लिटरचा क्रम: एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ. शेजारी शेजारी ठेवून बघा. एक, दोन, सहा, आठ हे चार दोन्हीकडे जागच्या जागी आहेत. फक्त तीन आणि पाच यांची अदलाबदल, आणि चार आणि सात यांची. त्या चौघांना ठिणगी मिळत होती पण बरोबर एक फेरा चुकवून, म्हणजे जळालेला धूर बाहेर जाऊन नवी हवा आत यायच्या संधीला. म्हणून तो बार. एकूण माझं अर्धं इंजिन बरोबर होतं. ज्या बोर्डात पस्तीस टक्क्यांना पास करतात तिथून मी आलोय, मला पन्नास काही वाईट वाटले नाहीत.

तारा बदलल्या. व्हॅन सुरू झाली, मिसिंगही गेलं. इथे थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. पण दुकानात प्लग घेताना मी एक टायमिंग लाइटही घेऊन आलो होतो, आणि तो अजून खोक्यातच होता.

टायमिंग म्हणजे काय, हे प्रॉम्प्टरइतकं कुणाला कळणार नाही. नटाला वाक्य हवं असतं ते तो अडल्यावर नव्हे, अडायच्या क्षणभर आधी. उशिरा दिलं तर प्रेक्षक खुर्चीत चुळबुळतात, फार लवकर दिलं तर तो समोरच्याच्या वाक्यावर आपटतो. ठिणगीचंही तसंच. पिस्टन पार वर पोचल्यावर ठिणगी टाकून भागत नाही. पेट्रोल पेटून दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन अजून वर चढतोय तेव्हाच ती टाकायची. किती आधी, ते डिग्रीत मोजतात. आमच्या व्हॅनच्या बॉनेटखाली स्टिकर होतं: दहा डिग्री आधी. पण नाटक जसं रंगतं, संवादांचा वेग वाढतो, तसं प्रॉम्प्टरला आणखी आधी वाचावं लागतं. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर इंजिन एक हजारांश सेकंदात 18 डिग्री फिरतं. मग दहा कुठे पुरणार? जुन्या गाड्यांत हे वाढवायचं काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करायच्या. आमच्या व्हॅनमधे कॉम्प्युटर करायचा. 1989 चा कॉम्प्युटर, पण कॉम्प्युटर. आणि मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझी छाती भरून आली होती.

टायमिंग लाइटचा चिमटा एक नंबरच्या तारेला लावायचा. एक नंबर पॅसेंजरच्या बाजूला, सर्वांत पुढे. ‘पॅसेंजरची बाजू’ म्हटल्यावर माझे पाय आपोआप डावीकडे वळले आणि मी पाच नंबरला चिमटा लावला. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती, पण पायांचा व्हिसा अजून मिरजेचाच होता. तेवढं मात्र माझं मलाच कळलं.

प्रत्येक ठिणगीला लाइट लुकलुकतो आणि गरगर फिरणारं पुढचं चाक जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. त्या चाकावर, म्हणजे बॅलन्सरवर, आकडे आणि खाचा, आणि इंजिनला एक टोकदार काटा. काट्यासमोर दहा दिसायला हवेत. मला दहा दिसेनात. वीसही नाहीत. आकडे केव्हाच संपले होते आणि काट्यासमोर नुसतं गंजकं लोखंड होतं. म्हाताऱ्यानं लपवलं ते हेच!

डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला आणि तो तसूतसूनं फिरवत दहाचा आकडा काट्यासमोर आणला. मला वाटलं होतं इंजिनाचा आवाज बदलेल, पण नाही. फिरवलं की क्षणभर दबायचं आणि पुन्हा पूर्ववत. हा मला शुभशकुन वाटला. खरं असं होतं की ठिणगी उशिरा पडून फेरे कमी झाले की कॉम्प्युटर हवेची झडप जरा उघडून ते परत वर आणायचा. मी गाडी बिघडवत होतो आणि तो बिचारा मागून निस्तरत होता, आमच्या घरात हे काम जिच्याकडे असतं तिच्यासारखाच, न बोलता.

दुसऱ्या दिवशी तालीम होती, वॉचुंगच्या डोंगरापलीकडे. मागे सेट: वाड्याचा दरवाजा, तुळशीवृंदावन, दोन खांब. वॉचुंग हा डोंगर म्हणजे आपल्याकडे ज्याला टेकडी म्हणायलाही दोनदा विचार करू, एवढाच. व्हॅननं त्या चढावर मान टाकली. अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवलेला, आणि आम्ही पस्तीस मैलांवर. एक स्कूल बस पुढे गेली. मग एक ट्रेलर गेला, त्याच्यावर मोटरबोट होती.

“अरे, डबा बघ,” बायको म्हणाली. डॉगहाउसवरचा डबा हातात धरवत नव्हता. वरच्या दोन पोळ्यांना डाग पडले होते.

“इंजिन नवीन तारांमुळे ताकदीनं पेटतंय,” मी म्हणालो.

रात्री मात्र मला खात्री पटली की दोष कॉम्प्युटरचा आहे. सॉफ्टवेअरवाल्याला सगळे आजार सॉफ्टवेअरचे दिसतात. या पिढीच्या गाड्यांना विचारायची रीत अशी: बॉनेटखाली एक चाचणीचा सॉकेट असतो, त्यातली दोन भोकं तारेच्या तुकड्यानं जोडायची, काट्याचा व्होल्टमीटर लावायचा आणि काटा किती वेळा उडतो ते मोजायचं. एकदा उडाला, थांबला, पुन्हा एकदा उडाला की ‘अकरा’. अकरा म्हणजे सगळं ठीक. आधी इंजिन बंद ठेवून चाचणी, मग चालू ठेवून. मी काटा बघत होतो आणि बायको पोळपाटाचं पीठ हाताला तसंच ठेवून वहीत रेघा मारत होती, बस स्टँडवर हमाल पोती मोजतो तशा.

इंजिन बंद असताना: अकरा. इंजिन चालू केलं. काटा पहिल्यांदाच चारदा उडाला आणि थांबला.

“चार!” माझ्या पोटात गोळा आला. “आठांपैकी चारच चालतायत!” पुढचे दोन तास मी प्रत्येक तार उपटून, लावून, पुन्हा उपटून पाहिली. आठही सिलिंडर ठणठणीत होते. रात्री साडेअकराला मॅन्युअल पुढे वाचलं, तेव्हा कळलं की इंजिन चालू असलं की तो कॉम्प्युटर आधी आपली ओळख सांगतो आणि सिलिंडरांची संख्या निम्मी करून सांगतो. सहाला तीन, आठाला चार. चारनंतर पुन्हा अकरा आला होता. बायकोनं तो लिहूनही ठेवला होता. मी चारच्या पुढे ऐकलंच नव्हतं.

अकरा. सगळं ठीक. आणि कॉम्प्युटरच्या दृष्टीनं ते खरंही होतं. इंजिन कुठवर फिरलंय हे त्याला सांगणारा डोळा डिस्ट्रिब्युटरच्याच पोटात असतो. मी डिस्ट्रिब्युटर फिरवला तेव्हा त्याचा डोळाच फिरवला. पंचांग चुकीचं छापलं तर भटजी मुहूर्त काढतात तो पंचांगाप्रमाणे अचूकच असतो.

त्याच रात्री मॅन्युअलच्या त्याच पानावर, चहाच्या कपाचा गोल उमटला होता त्याच्या आत, आणखी एक ओळ सापडली. टायमिंग बघण्याआधी ‘स्पाउट’ काढावा. स्पार्क आउटपुट, त्याचा स्पाउट. ठिणगी केव्हा टाकायची हा कॉम्प्युटरचा निरोप ज्या तारेतून डिस्ट्रिब्युटरवरच्या मॉड्यूलला जातो, त्या तारेत पेराएवढा एक प्लॅस्टिकचा प्लग असतो. तो उपटला की निरोप बंद, आणि इंजिन आपल्या मूळ टायमिंगवर चालतं. दहा हा आकडा त्या अवस्थेतला. कॉम्प्युटर टायमिंग वाढवत असताना मी दहा आणले होते. विंगेत बसून नटाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं.

सकाळी मी स्पाउट काढला, शर्टाच्या खिशात टाकला, आणि पुन्हा दहा आणले. गाडी थोडी सुधारली, पण थोडीच. मग मी नाइलाजानं मामांना फोन लावला.

मामांचं मिरजेला गॅरेज. पाच डॉलरचं फोनकार्ड, मागची पट्टी खरवडून चौदा आकडे दाबायचे. मी त्यांना कॉम्प्युटरपासून सगळं सांगितलं. अर्धं कार्ड त्यातच संपलं.

“पोळ्या करपल्या म्हणालास?” मामांनी विचारलं.

“हो मामा, पण तो मुद्दा नाही...”

“तोच मुद्दा हाय. टायमिंग लेट हाय. पेट्रोल आत जळायचं ते बाहेर जाता जाता जळतंय. झाकण तापतंय.”

“मामा, दहाचा आकडा काट्यासमोर आहे. मी डोळ्यांनी बघितलंय.”

“चाकावरची खूण बघितलीस. पिस्टन बघितलास का?”

मी गप्प.

“ते चाक आख्खं एक नसतंय लेका. मधी एक, भाईर एक कडं, आन मधल्या फटीत रबर. चौदा वर्सांत रबर मऊ पडलं, कडं घसरलं, खूण गेली फिरत. एक नंबरचा प्लग काढ. भोकावर अंगठा ठेव आन इंजिन हातानं फिरव. फुंकर बसली की समज पिस्टन वर यायलाय. मग आत काहीतरी मऊ घाल, लोखंड नको.”

“काय घालू?”

“तिकडं थंडगार पितेत ती नळी असती की.”

मी बर्गरच्या दुकानातून आणलेली स्ट्रॉ एक नंबरच्या भोकात उभी केली. क्रँकच्या बोल्टला पान्हा लावून इंजिन फिरवायला लागलो. स्ट्रॉ हळूहळू वर आली, मग नुसती उभी राहिली. पार वर पोचल्यावर पिस्टन काही डिग्री जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नेमकं टोक कुठलं ते कळेना. त्यावरही मामांकडे उत्तर होतं: टोकाच्या अलीकडे स्ट्रॉ एका उंचीला आली की चाकावर खडूची रेघ, पलीकडे उतरताना त्याच उंचीला आली की दुसरी रेघ, आणि दोन्हींच्या बरोबर मधे खरं टोक. मधली जागा मी बायकोच्या पांढऱ्या नेलपॉलिशनं रंगवली. तिथून कंपनीची शून्याची खूण होती चौदा डिग्री दूर!

म्हणजे मी दहा डिग्री आधी समजून ठिणगी टाकत होतो ती पिस्टन टोकावरून चार डिग्री खाली उतरल्यावर. आणि म्हाताऱ्यानं आकड्याकडे न बघता कानानं टायमिंग लावलं होतं. बरोबर लावलं होतं.

नेलपॉलिशच्या खुणेवर दहा लावले. इंजिन असं गोड चालायला लागलं की डॉगहाउसवर पाण्याचा पेला ठेवला तर तरंग उठू नये. मामांना पुन्हा फोन करून ऐकवलं. ते म्हणाले, “आता कसं! आन तो कंप्युटर काढून टाक बघू. काय काम हाय त्याचं?”

पुढचे तीन आठवडे मी मंडळात व्याख्यानं दिली. बॅलन्सर, रबर, स्ट्रॉ. एका सभेत खजिनदारांनी हिशेब मांडायच्या ऐवजी माझ्याकडे बघून “थोडक्यात सांगा” म्हटलं. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नाही. उभी असताना व्हॅन स्वर्गीय चालायची, पण हायवेवर साठच्या पुढे जायचं म्हटलं की पुन्हा रड. वॉचुंगला पुन्हा स्कूल बस पुढे. आणि पोळ्यांचा डबा अजूनही हाताला चटका देत होता. मी डब्याखाली दुमडून टॉवेल ठेवायला लागलो.

नाटकाच्या आदल्या रात्री नायकाच्या कोटाचं बटण तुटलं. बायकोनं कपाटातून बटणांचा डबा काढला, बिस्किटांचा, निळा, गोल. तो पलंगावर पालथा केला. शर्टाची, परकराची, स्वेटरची बटणं, दोन सेफ्टी पिना, एक चाळणीचा पाय, आणि पेराएवढा एक प्लॅस्टिकचा प्लग.

“हे कुठं सापडलं?”

“वॉशिंग मशीनमधे. तुझ्या निळ्या शर्टाबरोबर. झाले की तीन आठवडे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मला वाटलं शर्टाचं काहीतरी असेल. तू तरी कुठे विचारलंस?”

तीन आठवडे कॉम्प्युटर प्रत्येक ठिणगीला निरोप धाडत होता आणि तो निरोप एका मोकळ्या सॉकेटपाशी येऊन संपत होता. इंजिन वाढेल तेवढे फेरे घेत होतं, आणि ठिणगी तिथेच, दहा डिग्री. न पलटलेलं पान वाचत बसलेला प्रॉम्प्टर. मी बॅटरी घेऊन पायजम्यातच खाली गेलो, प्लग पुसून जागी खोचला. टक् असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वाड्याचा दरवाजा, वृंदावन आणि दोन खांब घेऊन व्हॅननं वॉचुंगचा चढ असा काढला की मागचं तुळशीवृंदावन आडवं झालं. एक स्कूल बस मागे टाकली. रविवार होता, बस रिकामी होती, पण टाकली. बायकोनं डब्याला हात लावून बघितला आणि टॉवेल काढून मागे फेकला.

रात्री प्रयोगानंतर मी मामांना फोन लावला, बॉनेट उघडलं आणि फोन इंजिनापाशी धरून अ‍ॅक्सिलरेटरची तार हातानं ओढली. मिरजेत सकाळचे साडेनऊ वाजले असतील. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

“आता बोलायली गाडी,” मग म्हणाले. “काढलास न्हवं तो कंप्युटर?”

बायको शेजारीच उभी होती. उरलेल्या पोळीचा तुकडा तोंडात घालून ती माझ्याकडे बघत होती.

“काढला, मामा,” मी म्हणालो.

“मी तुला पयल्यापास्नं सांगत हुतो,” मामा म्हणाले, आणि कार्ड संपलं.